कडेलोट, साका आणि निवळ : ‘प्रेसिपिटेट’ या इंग्रजी शब्दाच्या अर्थविस्ताराची चिकित्सा

१. प्रास्ताविक

आपल्या महाविद्यालयांतील वेगवेगळ्या वर्गांत एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या अर्थांनी शिकवला जातो आणि त्या वर्गांची आपसांत गाठ क्वचितच पडते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ‘प्रेसिपिटेट’ म्हणजे द्रावणातून वेगळा होऊन तळाशी बसणारा अविद्राव्य पदार्थ. भूगोलाच्या वर्गात ‘प्रेसिपिटेशन’ म्हणजे पाऊस, हिम, गारा इत्यादी रूपांनी आकाशातून खाली येणारे पाणी. इंग्रजी साहित्याच्या वर्गात हेच विशेषण उतावळ्या, अविचारी कृतीला लावले जाते. इतिहास आणि मानसशास्त्र या विषयांत त्याच शब्दाचे क्रियापदरूप एखादी घटना ‘घडवून आणणाऱ्या’ कारणासाठी वापरले जाते. मराठीत या चारही ठिकाणी चार स्वतंत्र शब्द येतात : अवक्षेप, वृष्टी, उतावळेपणा आणि तात्कालिक कारण. हे चार शब्द एकमेकांचे कोणी लागतात, असे मराठी वाचकाला वाटण्याचे काहीच कारण नाही.

प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थविस्ताराचा मागोवा घेऊन पुढील तीन प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. घाई आणि रसायनक्रिया या दोन कल्पना एका शब्दात कशा एकत्र आल्या? मराठीने त्याच अनुभवाकडे कोणत्या बाजूने पाहिले? आणि या शब्दात दडलेली रूपके कारणमीमांसा करताना आपल्याला कोठे नेतात? यांपैकी तिसरा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. एखाद्या उठावाचे, युद्धाचे किंवा एखाद्या माणसाच्या मृत्यूचे कारण ठरवताना आपण कोणते रूपक हाताशी धरतो, यावर जबाबदारी कोणाची हे ठरत असते.

२. ‘डोके पुढे’ : मूळ प्रतिमा आणि तिचा प्रवास

या शब्दकुळाचे मूळ लॅटिन आहे. ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘कापुट’ म्हणजे डोके. या दोहोंपासून सिद्ध झालेल्या ‘प्रेकेप्स’ या विशेषणाचा अर्थ ‘डोके पुढे करून’, म्हणजेच डोक्यावर कोसळणारा. तोच शब्द तुटलेल्या कड्यालाही लावला जाई, कारण तेथून पडणारा माणूस डोक्यावरच पडतो. इंग्रजीतील ‘प्रेसिपिस’ म्हणजे कडा हा शब्द याच कुळातला. रोममध्ये राजद्रोह्यांना टार्पियन खडकावरून लोटून देण्याची शिक्षा होती. त्यामुळे या शब्दाच्या आरंभीच्या अर्थात केवळ पडणे नव्हे, तर कोणीतरी लोटणे हेही अभिप्रेत होते.

डोके पुढे आणि पाय मागे ही शरीराची स्थिती. तिच्यातून पहिला लाक्षणिक अर्थ सहज निघतो. जो माणूस पायाखालची जमीन न चाचपता डोके पुढे घालतो, तो उतावळा. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. डोके हे विचाराचे स्थान मानले जाते. तरीही ज्याचे डोके सर्वांत पुढे असते, तोच येथे विचारहीन ठरतो. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत हा अर्थ इंग्रजीत स्थिरावला. देकार्तने १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतिविषयक ग्रंथात सत्यशोधनाचा पहिला नियम सांगताना ज्या दोन दोषांपासून सावध राहण्यास सांगितले, त्यांपैकी एक पूर्वग्रह असून दुसरा ‘प्रेसिपितासियों’, म्हणजे निर्णयाची घाई आहे. म्हणजे आधुनिक तत्त्वज्ञानाच्या उंबरठ्यावरच हा शब्द बौद्धिक दोषाचे नाव म्हणून उभा आहे.

आणि याच काळात किमयागार व वैद्य तोच शब्द आपल्या भांड्यांतील घडामोडींसाठी वापरत होते. द्रावणातून अकस्मात खाली येणारी पूड पाहून त्यांना कड्यावरून कोसळणाऱ्या माणसाची आठवण झाली असावी, असे त्या रूपकावरून म्हणता येते. पुढे शब्द इतका रूढ झाला, की मूळ प्रतिमा पुसट झाली. पारा हवेत दीर्घकाळ तापवून मिळणाऱ्या लाल भस्मालाही ‘प्रेसिपिटेट’ म्हटले जाऊ लागले. वास्तविक येथे द्रावणही नाही आणि खाली कोसळणेही नाही. जोसेफ प्रिस्टली यांनी १७७४ मध्ये पाऱ्याचे असेच लाल भस्म भिंगाने तापवून जो वायू मिळवला, तो पुढे ऑक्सिजन म्हणून ओळखला गेला. पावसाला हा शब्द लावण्याची प्रथाही सतराव्या शतकातलीच. वातावरण हे एक मोठे पात्र, त्यात वाफ विरघळलेली आणि ती पाणी होऊन खाली येते, अशी ती कल्पना आहे. म्हणजे पावसाचा अर्थ प्रयोगशाळेच्या अर्थाशेजारी उभा राहतो आणि दोहोंच्या पाठीशी कडा असतो.

३. साहित्यातील कडा

साहित्यकृतींत या शब्दाचे दोन्ही पैलू जिवंत असलेले दिसतात. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ या नाटकाच्या तिसऱ्या अंकात टार्पियन खडकावरून लोटण्याच्या शिक्षेसंदर्भात हे नाम येते आणि ते शब्दशः खाली फेकण्याच्याच अर्थाने येते. परंतु ज्याला ही शिक्षा द्यायची, तो नायक स्वभावाने उतावळा आहे. त्याची जीभ त्याच्या विचारापुढे धावते. अखेर त्याला खडकावरून लोटले जात नाही, हद्दपार केले जाते. शारीरिक कडेलोट टळतो आणि स्वभावातला कडेलोट मात्र नाटकाच्या शेवटापर्यंत चालू राहतो.

‘किंग लिअर’मध्ये हा संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. नाटकाची सुरुवातच घाईने होते. राजा क्षणात लाडक्या मुलीला दूर लोटतो; केंट त्याला या अविचाराबद्दल रोखू पाहतो आणि स्वतःच हद्दपार होतो. पुढच्याच प्रवेशात ग्लॉस्टर एका बनावट पत्रावर शहानिशा न करता विश्वास ठेवतो. दोन बाप, दोन उतावळे निर्णय. चौथ्या अंकात आंधळा झालेला ग्लॉस्टर डोव्हरच्या कड्यावरून उडी घेण्यास निघतो. एडगर त्याला सपाट जमिनीवरच नेतो, तो तेथे पडतो आणि ‘एवढ्या उंचीवरून कोसळूनही आपण वाचलात’ अशा आशयाचे त्याला सांगताना एडगरच्या तोंडी याच कुळातले क्रियापद येते. कडा नाही, कोसळणे नाही. आहे तो केवळ शब्द. ज्याने पहिल्या अंकात शब्दांवर घाईने विश्वास ठेवून स्वतःचा नाश ओढवून घेतला, त्याला चौथ्या अंकात शब्दांनीच रचलेल्या कड्यावरून पाडले जाते आणि त्या पडण्यातून त्याला जगण्याचे बळ मिळते. घाईचा अर्थ आणि पडण्याचा अर्थ यांमधले नाते नाटककाराने हेतुपुरस्सर विणले की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी नाटकाच्या रचनेत ते आहे.

या नाटकाचा मराठीशी संबंध जुना आहे. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ हे भाषांतर १९७४ मध्ये सिद्ध केले आणि त्याआधी १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागेही लिअरची प्रेरणा होती. भाषांतरकारापुढची अडचण येथे उघड होते. पहिल्या अंकातील अविचार आणि चौथ्या अंकातील कोसळणे यांना बांधणारे शब्दकुळ इंग्रजीत उपलब्ध आहे. मराठीत तो धागा शब्दाने नव्हे, तर प्रसंगाच्या बांधणीनेच टिकवावा लागतो.

मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या १६६७ मधील महाकाव्यात मात्र याच कुळातला शब्द निंदाव्यंजक राहत नाही. सातव्या सर्गातील सृष्टीच्या उत्पत्तीच्या वर्णनात ईश्वराची आज्ञा होताच पाणी आपापल्या जागी धाव घेते आणि त्या धावण्याला कवी आनंदाची लगबग म्हणतो. घाई आणि जल या दोन्ही गोष्टी येथे एकत्र येतात. पण ही घाई अविचाराची नसून आज्ञापालनाची आहे. डोके पुढे घालण्याची ही दुसरी, प्रसन्न बाजू मराठीलाही परिचित आहे. आपण चळवळीत ‘उडी घेतली’ किंवा कार्यात ‘झोकून दिले’ असे म्हणतो, तेव्हा उतावळेपणाचा आरोप करीत नसतो. म्हणजे खाली झेपावण्याच्या प्रतिमेत दोष अंगभूत नाही. कोणापायी आणि कशासाठी झेप घेतली, यावर तिचे मूल्य ठरते.

४. प्रयोगशाळेतील विरोधाभास

आता रसायनशास्त्राकडे वळले असता एक मोठा विरोधाभास समोर येतो. ज्या क्रियेला घाईच्या शब्दाने ओळखले जाते, त्या क्रियेत घाई हाच सर्वांत मोठा दोष आहे.

भारात्मक विश्लेषणाचे उदाहरण घेऊ. द्रावणातील सल्फेटचे प्रमाण काढण्यासाठी त्यात बेरिअम क्लोराइड मिसळून बेरिअम सल्फेटचा पांढरा अवक्षेप मिळवतात, तो गाळतात, धुतात, वाळवून तापवतात आणि वजन करतात. येथे अभिक्रियाकारक भरभर ओतला, तर असंख्य अतिसूक्ष्म कण एकदम तयार होतात. ते गाळणकागदातून निसटतात आणि तयार होताना आजूबाजूचे परके आयन आपल्यात कोंडून घेतात. परिणामी वजन चुकते. म्हणून विद्यार्थ्याला सांगितले जाते : द्रावण विरल ठेवा, गरम ठेवा, थेंबथेंब ओता, ढवळत राहा आणि नंतर अवक्षेप काही काळ गरम द्रावणातच राहू द्या. या अवधीत लहान कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात आणि स्फटिक मोठे व शुद्ध होतात.

यामागचे तत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभी फॉन वाइमार्न या रशियन शास्त्रज्ञाने मांडले. द्रावण त्याच्या विद्राव्यतेच्या मर्यादेपेक्षा जितके अधिक अतिसंपृक्त, तितके कण बारीक. ती मर्यादा जितक्या थोड्या प्रमाणात ओलांडली जाईल, तितके कण मोठे. याच तत्त्वाचा पुढचा टप्पा म्हणजे बाहेरून काही न ओतता द्रावणातच अवक्षेपक हळूहळू निर्माण करणे. युरिया घातलेले द्रावण तापवले की अमोनिया सावकाश मुक्त होतो आणि धातूचे हायड्रॉक्साइड दाट, सहज गाळता येईल अशा स्वरूपात मिळते. सारांश, चांगला ‘प्रेसिपिटेट’ तो, जो ‘प्रेसिपिटेट’ नसतो. शब्दाचा एक अर्थ दुसऱ्या अर्थाला सावध करतो, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

शिवाय, प्रत्येक अवक्षेप खाली पडतोच असेही नाही. सिल्व्हर नायट्रेट आणि मीठ यांच्या द्रावणांतून तयार होणारा सिल्व्हर क्लोराइड प्रथम कलिल रूपात तरंगत राहू शकतो. उष्णता आणि थोडे नायट्रिक आम्ल यांच्या साहाय्याने तो गोळा करावा लागतो. पावसाचेही तसेच आहे. ढगातील एका थेंबाचा व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर, तर पावसाच्या सर्वसाधारण थेंबाचा सुमारे २ मिलिमीटर असतो. म्हणजे एक पावसाचा थेंब होण्यासाठी सुमारे दहा लाख मेघबिंदू एकत्र यावे लागतात. शिवाय वाफेला बिंदुरूप घेण्यासाठी धूळ, मीठ यांसारखे केंद्र लागते. जे आकाशातून कोसळताना दिसते, ते आधी दीर्घकाळ जुळून येत असते. १९४६ मध्ये बर्नार्ड व्हॉनेगट यांनी ढगात हिमकण तयार होण्यासाठी सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग होतो, हे दाखवले. योगायोग असा, की सिल्व्हर आयोडाइड हा स्वतः परीक्षानळीतला एक परिचित पिवळसर अवक्षेप आहे. शब्दाचे दोन अर्थ येथे अक्षरशः एकमेकांना जन्म देतात.

५. मराठीची बाजू : अवक्षेप, कडेलोट आणि निवळ

मराठी पाठ्यपुस्तकांत रूढ झालेला ‘अवक्षेप’ हा शब्द संस्कृत ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. ‘अव’ म्हणजे खाली. म्हणजे इंग्रजीतील खाली फेकण्याची प्रतिमा जशीच्या तशी संस्कृत घटकांनी उभारलेली आहे. मात्र या शब्दाला केवळ भाषांतर म्हणून कमी लेखता येणार नाही. वैशेषिक दर्शनात कर्माचे जे पाच प्रकार सांगितले आहेत (उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन) त्यांत अवक्षेपण हा दुसरा आहे. शिवाय ‘क्षिप्र’ म्हणजे त्वरित हा शब्दही याच धातूचा. म्हणजे फेकणे आणि त्वरा यांचा जो संबंध लॅटिनमध्ये आढळतो, तो संस्कृतातही वेगळ्या वाटेने सिद्ध झालेला आहे. याच धातूपासून आलेले आक्षेप, संक्षेप, हस्तक्षेप आणि पाठचिकित्सेतील ‘प्रक्षिप्त’ हे शब्द आपण रोज वापरतो; त्यांच्या शेजारी ‘अवक्षेप’ ठेवून दाखवला, तर तो विद्यार्थ्याला परका वाटणार नाही.

तरीही वैशेषिकांच्याच कसोटीवर या शब्दाची एक मर्यादा दिसते. त्या दर्शनात प्रयत्नपूर्वक खाली फेकणे आणि गुरुत्वामुळे आपोआप खाली पडणे यांत भेद केला आहे. दुसऱ्याला ‘पतन’ म्हणतात. परीक्षानळीत पूड कोणी फेकत नाही. रसायनज्ञ परिस्थिती निर्माण करतो आणि पुढचे काम द्रव्याचे गुरुत्व करते. म्हणून प्रक्रियेला ‘अवक्षेपण’ म्हणणे समर्थनीय असले, तरी तळाशी बसलेल्या पदार्थाला मराठीतला जुना, घरगुती ‘साका’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. साका बसतो, त्याला कोणी फेकलेले नसते.

कड्याची प्रतिमा मराठीत नाही असे नाही. ‘कडेलोट’ हा शब्द तर रोमन शिक्षेचा तंतोतंत समांतर आहे. रायगडावरील टकमक टोकाशी ही शिक्षा परंपरेने जोडली जाते. मात्र या शब्दाचा लाक्षणिक प्रवास वेगळ्या दिशेने झाला. ‘संयमाचा कडेलोट’, ‘सहनशीलतेचा कडेलोट’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात घाईचा लवलेशही नसतो. उलट, दीर्घकाळ साठत आलेले काहीतरी आता मर्यादेपलीकडे गेले, असे सुचवायचे असते. लॅटिन कडा उतावळेपणाकडे गेला. मराठी कडा सोसण्याच्या अंताकडे गेला.

आणि साक्याच्या बाबतीत मराठीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट केली आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. इंग्रजी दृष्टी तळाकडे जाणाऱ्या कणांवर खिळते आणि त्यांना कोसळणारे म्हणते. मराठी दृष्टी वर उरलेल्या पाण्यावर स्थिरावते आणि म्हणते : पाणी निवळले. क्रिया एकच आहे. एका भाषेने खाली जाणाऱ्याला नाव दिले, दुसरीने मागे उरणाऱ्याला. त्यामुळे लाक्षणिक अर्थही परस्परविरुद्ध झाले. तेथे घाई आणि अविचार; येथे राग निवळतो, वातावरण निवळते, आजाऱ्याचा चेहरा निवळतो. एकाच भांड्यातून एका भाषेने उतावळेपणा काढला, दुसरीने शांती. हे प्रस्तुत लेखातील मध्यवर्ती निरीक्षण आहे.

यावरून एक भाषा श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. कोसळणाऱ्यालाच पाहणारा मागे काय उरले हे विसरतो. निवळीवर समाधान मानणारा तळाशी काय साचले हे विसरतो. सामाजिक वादळानंतर ‘वातावरण निवळले’ असे म्हणून आपण जो सुटकेचा निःश्वास टाकतो, त्यात तळाच्या साक्याची विचारपूस सहसा नसते. भांडे पुन्हा हलले की पाणी पुन्हा गढूळ होते.

६. ‘तात्कालिक कारण’ : रूपक आणि जबाबदारी

कारणमीमांसेत या इंग्रजी क्रियापदाचा उपयोग होतो, तेव्हा त्यात किमान तीन प्रतिमा एकत्र नांदत असतात. पहिली लोटण्याची : धक्का दिला नसता, तर पडणे झालेच नसते, म्हणून जबाबदारी लोटणाऱ्याची. दुसरी त्वरेची : जे उद्या होणारच होते, ते आज झाले, म्हणून कारणाची जबाबदारी केवळ वेळेपुरती. तिसरी द्रावणाची : जे अदृश्य रूपात आधीच होते, ते दृश्य झाले, म्हणून मुख्य जबाबदारी द्रावणाच्या घटनेची. एकच क्रियापद वापरणारा लेखक या तिहींपैकी काय म्हणतो आहे, हे वाचकाने संदर्भाने ठरवायचे असते आणि पुष्कळदा लेखकालाही ते ठरवायचे नसते.

द्रावणाच्या प्रतिमेतही पुन्हा दोन प्रकार संभवतात. अतिसंपृक्त द्रावणात टाकलेला बीजस्फटिक केवळ निमित्त असतो. घट्ट होणारे सारे द्रव्य द्रावणातले असते. याउलट मिठाच्या द्रावणात ओतलेले सिल्व्हर नायट्रेट निमित्तमात्र नसते. त्यातील चांदी अवक्षेपाचा घटक बनते. एलियटने १९१९ मधील परंपरा आणि व्यक्तिगत प्रज्ञा यांवरील निबंधात प्लॅटिनमच्या तारेचे जे प्रसिद्ध रूपक वापरले, ते तिसऱ्याच प्रकारचे आहे : उत्प्रेरक अभिक्रिया घडवतो आणि स्वतः अलिप्त राहतो. मराठी समीक्षेत त्या रूपकाची चर्चा भरपूर झाली. परंतु बीजस्फटिक, अभिक्रियाकारक आणि उत्प्रेरक हा भेद कारणांच्या चर्चेत मात्र आपण फारसा वापरलेला नाही.

इतिहासातील दोन उदाहरणांनी तो स्पष्ट होईल. १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण म्हणून चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख होतो. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूर येथे मंगल पांडे यांनी केलेला प्रतिकार आणि १० मे रोजी मीरत येथे झालेला उद्रेक यांच्याशी त्याचा संबंध सांगितला जातो. येथे काडतूस केवळ बीजस्फटिक होते काय? धर्म बुडवला जात असल्याची भीती पुढे उठावाच्या आशयाचाच भाग झाली. म्हणून काडतुसाचे स्वरूप अभिक्रियाकारकाचे आहे. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे झालेली ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या मात्र पहिल्या महायुद्धाच्या संदर्भात बीजस्फटिकाच्या अधिक जवळ जाते. महायुद्ध ज्या द्रव्याचे बनले, ती सैनिकी युती, शस्त्रस्पर्धा आणि साम्राज्यस्पर्धा आधीच द्रावणात होती. दोन्ही ठिकाणी आपला विद्यार्थी ‘तात्कालिक कारण’ हे एकच शीर्षक लिहून खाली एक ओळ भरतो. ‘तात्कालिक’ या शब्दातून काळाची जवळीक कळते. संबंधाचा प्रकार कळत नाही.

या भेदाचे गांभीर्य वर्गाबाहेर अधिक जाणवते. आत्महत्येच्या अभ्यासात पूर्वपीठिका निर्माण करणारे घटक आणि प्रत्यक्ष कृतीला निमित्त ठरणारे घटक असा भेद केला जातो. दुसऱ्या प्रकारासाठी इंग्रजीत हाच शब्द आहे. एमिल द्युर्खेमने १८९७ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की शासकीय आकडेवारीत नोंदवली जाणारी वैयक्तिक कारणे ही बहुधा वरवरची असतात. खरी कारणे समाजाच्या घडणीत शोधावी लागतात. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांच्या प्रकरणांचे शासकीय मदतीसाठी ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे वर्गीकरण गेली अनेक वर्षे होत आले आहे. अशा चौकशीत शेवटच्या दिवशी काय घडले, घरात भांडण झाले का, माणूस व्यसनी होता का, या प्रश्नांना वजन आले, की चौकशी लोटणाऱ्या हाताच्या शोधात निघते. वर्षानुवर्षांची नापिकी, कर्ज, पडलेले भाव हे द्रावण मात्र कागदावर उतरत नाही. घरातले भांडण खोटे नसते. पण ते बीजस्फटिक की अभिक्रियाकारक, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला कारण म्हणणे म्हणजे देकार्तने सांगितलेला पहिला दोष पत्करणे होय. येथे निर्णयाची घाई हाच अन्याय ठरतो.

७. एक संभाव्य आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल, की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आज ‘प्रेसिपिटेशन’ म्हणणाऱ्या हवामानतज्ज्ञाच्या मनात ना कडा असतो ना डोके. हा आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. इंग्रजी बोलणारे लोक अवक्षेपाला उतावळा समजतात किंवा मराठी बोलणारे स्वभावतःच निवळलेले असतात, असा दावा येथे केलेला नाही. मुद्दा मर्यादित आहे. तांत्रिक अर्थात मृत झालेले रूपक लाक्षणिक वापरात पुन्हा जिवंत होते. ‘संकट निर्माण करणे’ याऐवजी लेखक जेव्हा ‘प्रेसिपिटेट’ हे क्रियापद निवडतो, तेव्हा तो कारणाच्या स्वरूपाविषयी काही सुचवत असतो. ते कोणते, हे तपासणे समीक्षकाचे काम आहे. आधुनिक इंग्रजी शैलीमार्गदर्शक ग्रंथही उंच कड्यासाठी ‘प्रेसिपिटस’ आणि घाईच्या कृतीसाठी ‘प्रेसिपिटेट’ असा भेद पाळण्याचा सल्ला देतात, तरीही प्रत्यक्ष वापरात दोहोंची सरमिसळ होत राहते. मूळ प्रतिमा पूर्णपणे विझलेली नाही, याचेच हे गमक मानता येईल.

८. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात. घाई आणि रसायनक्रिया यांचा संबंध आकस्मिक नसून कोसळण्याच्या एका शारीरिक प्रतिमेतून आलेला आहे. प्रत्यक्ष रसायनशास्त्र मात्र त्या प्रतिमेच्या विरोधात जाते. तेथे सावकाशीशिवाय शुद्धता नाही. मराठीने त्याच क्रियेला ‘निवळणे’ या शब्दाने उरलेल्या पाण्याच्या बाजूने पाहिले आणि ‘कडेलोट’ या शब्दाने साठत गेलेल्या सोसण्याच्या बाजूने. म्हणून परिभाषा शिकवताना ‘अवक्षेप’ या शब्दाशेजारी साका, निवळ आणि कडेलोट हे शब्द ठेवले, तर विद्यार्थ्याला संज्ञेबरोबर एक विचारपद्धतीही मिळेल. तसेच ‘तात्कालिक कारण’ या शीर्षकाखाली उत्तर लिहिताना ते कारण लोटणारे, त्वरा आणणारे, बीजरूप की घटकरूप, हे सांगण्याची अपेक्षा प्रश्नपत्रिकेनेच ठेवावयास हवी. त्यासाठी रसायनशास्त्र, इतिहास आणि साहित्य या विभागांच्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसणे पुरेसे आहे.

गढूळ पाणी स्वच्छ करण्यासाठी आपल्याकडे तुरटीप्रमाणेच निवळीच्या झाडाचे बी वापरण्याची रीत फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात याच झाडाचा दाखला देऊन असे म्हटले आहे, की त्याचे फळ पाणी निवळवणारे असले, तरी नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. संज्ञा ठरवणाऱ्या कोशकाराने आणि कारणे ठरवणाऱ्या अभ्यासकाने हे वचन सारखेच ध्यानात ठेवावे. नाव देणे ही सुरुवात आहे. बी उगाळून पाण्यात मिसळावे लागते आणि मग थांबावे लागते.